फुलपात्र

साडेतीनलाच अंधार. एल्गिनमधला डिसेंबर
लवकर फळ्या लावून घरी पळणाऱ्या वाण्यासारखा.
मी ओट्यावर बाटल्या मांडते,
सवयीने एका रांगेत, लेबलं माझ्याकडे.
सव्वीस वर्षं औषधांच्या दुकानात काढल्यावर
हात दुसरं काही शिकत नाहीत.

आज बारा माणसं. दर माणशी
पस्तीस मिली व्हिस्की, पंधरा लिंबू,
आल्याचा पाक मात्र अंदाजाने.
इथलं आलं नुसतं दिसायला आलं,
म्हणून वाईहून नणंदेनं पाठवलेल्या आलेपाकाच्या वड्या
पाण्यात टाकून मंद आचेवर विरघळवल्या.
फोनवर विचारत होती, पोचल्या का? खोकला कसाय?
म्हटलं, उतार आहे.

फेसाळ वाइन खिडकीबाहेर,
बर्फात मानेपर्यंत पुरलेली.

पहिल्या वर्षी मर्डोने मला हे करताना पाहिलं
आणि टोपी काढून छातीशी धरली,
मयताला आल्यासारखी.
चाळीस वर्षं व्हिस्कीची पिंपं बांधलेला माणूस;
बोटाच्या पेराने ठोकून सांगायचा
कुठे घट्ट, कुठे पाझर.
"हिच्यात पडलं तर पाणी, तेही थेंबभर.
बुडबुडे कसले घालतेस, पोरी? जत्रा आहे का ही?"
म्हटलं, जत्राच आहे.
तीन ग्लास प्यायला. चौथा मागताना म्हणाला,
चूक नीट समजून घ्यायला हवी.

त्यानेच सांगितलेलं:
पिंप कितीही घट्ट बांधा,
दरवर्षी थोडी उडतेच, लाकडातून, कुणाला न विचारता.
इथे त्याला म्हणतात देवदूतांचा वाटा.
राग नाही येत?
"कसला राग? त्यांनी घेतल्याशिवाय
उरलेली चांगली होत नाही."

यंदा ऑक्टोबरात त्याच्या गोळ्या बदलल्या.
डबीवर पिवळी चिठ्ठी मीच चिकटवली,
मद्य पूर्ण वर्ज्य,
कोपरे उचलू नयेत म्हणून अंगठ्याने दाबून.
काउंटरपलीकडे तो. चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"हे तुझं अक्षर?"
छापील आहे, म्हटलं.
"मग ठीक."

पाक, लिंबू, व्हिस्की. मग बाटली तिरकी धरून
काठाकाठाने वाइन.
घाई केली की दूध उतू गेल्यासारखा फेस ओट्यावर.
वर रोझमेरीची काडी. लांबून बघितलं तर
तुळशीपत्र ठेवल्यासारखं दिसतं.
आई म्हणाली असती, निदान ते तरी काढ.

अकरा झाले. बारावा ग्लास गेल्या वर्षीच फुटला.
कपाटात मागे एक फुलपात्र होतं,
माझं माहेरचं नाव टिंबाटिंबांनी कोरलेलं.
त्यात सफरचंदाचा रस, आलेपाक, लिंबू, सोडा.
काडीसुद्धा. व्हिस्की सोडून सगळं.
मग बाटलीचं बूच काढलेलं दिसलं, ओलं,
ते बशीत ठेवलं शेजारी.

देवाच्या पोटात तरी कुठे काय जातं?
वास घेतो. ताट आपल्याकडेच परत येतं.

मोरॅग आली शॉर्टब्रेड घेऊन, वरच्या मजल्यावरचं
पोलिश जोडपं आलं, बुटांचं बर्फ दारात वितळून
पायपुसणं भिजलं.
मर्डो खुर्चीत. आधी बशीकडे बघितलं, मग माझ्याकडे.
बूच नाकाशी धरलं, डोळे मिटून,
इतका वेळ की मोरॅग बोलायची थांबली.
"शेरीचं पिंप," म्हणाला. "दुसऱ्यांदा भरलेलं."
फुलपात्र कानाशी नेलं.
स्टीलमध्ये बुडबुडे दिसत नाहीत, ऐकू येतात.
मग बोटाच्या पेराने दोनदा ठोकलं,
टण्, टण्.
"गळत नाही. कुणी बांधलं?"

रात्री आवरताना बूच सापडलं नाही.
नेलं असेल कोटाच्या खिशातून.
मी मागितलं नाही.
बाटली उघडीच आहे फळीवर, जानेवारी लागला,
पातळी रोज थोडी खाली जाते.
घरात कुणी पीत नाही.